पत्र्याचे गणित आणि संगणक



या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास, अर्थकारण अशा विषयांवर विद्वानांनी बोलावे आणि आपण ऐकावे, असा परिपाठ आहे. मी विद्वान नव्हे. नववीनंतर माझी शाळा सुटली. सतराव्या वर्षी मी पत्र्याच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो आणि पुढे कामगार संघटनेच्या कामात पडलो. तेव्हा मी बोलणार तेही पत्र्यावरच. चौकोनी नळ गोल नळाला जोडताना मधे जो तुकडा लागतो, तो सपाट पत्र्यातून कसा कापावयाचा, आणि पूर्वी मिस्त्री करीत असे ते काम आज संगणक कसे करतो, एवढाच माझा विषय आहे. विषय लहान दिसतो, परंतु त्यात एका माणसाची नोकरी जाता जाता राहिली. ती हकीकत मी शेवटी सांगेन. ती कळण्यासाठी थोडे गणित लागेल. त्याला भिऊ नये. मला समजले ते कोणालाही समजेल.

वातानुकूलित चित्रपटगृहात किंवा इस्पितळात वर पाहिले, तर छतालगत जस्ती पत्र्याचे नळ गेलेले दिसतात. त्यांना डक्ट म्हणतात. छताखाली उंची थोडी असते म्हणून हे नळ बहुधा चौकोनी करतात. पंख्याचे तोंड मात्र पुष्कळदा गोल असते. कारखान्यात धूळ ओढून नेणारे नळही गोलच असतात. चौकोनातली हवा गोलात न्यावयाची तर मधला तुकडा एका टोकाला चौकोनी, दुसऱ्या टोकाला गोल आणि मधे हळूहळू रूप बदलणारा असा हवा. हवेला एकदम वळण दिले की ती भोवरे घेते, आवाज करते आणि पंख्याची ताकद फुकट जाते. या तुकड्याला कारखान्यात 'स्क्वेअर टू राउंड' किंवा 'ट्रान्झिशन' म्हणतात.

आता प्रश्न असा की, पत्रा तर सपाट आहे. तयार तुकडा उलगडून जमिनीवर पसरला तर त्याचा आकार कसा दिसेल? तो आकार आधी ठाऊक असला, तरच तेवढा पत्रा कापून वाकवता येईल. याला कारखान्यात 'डेव्हलपमेंट काढणे' म्हणतात. मी त्याला उलगडा म्हणेन.

प्रत्येक आकाराचा उलगडा होतो असे नाही. चणेवाला कागदाची पुडी वळतो. ती सोडली की पुन्हा सपाट कागद हातात येतो. कागद ताणला नाही की चुरगळला नाही. म्हणून पुडीचा, म्हणजे शंकूचा, उलगडा होतो. संत्र्याची साल मात्र टेबलावर दाबून सपाट करू गेलो तर ती फाटते. गोलाचा उलगडा होत नाही. असे का होते, याची सिद्धता गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली मांडली. पृथ्वीचा कोणताही सपाट नकाशा कोठे ना कोठे खोटा असतो, तो याच कारणाने. पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर तांब्याचा गोलवा ठोकून ठोकून काढतो, घडी घालून काढीत नाही, त्याचेही कारण हेच. तेथे धातू ताणावाच लागतो.

आपला तुकडा सुदैवाने पुडीच्या जातीचा आहे. नीट पाहिले तर त्याचे आठ भाग दिसतात. चौकोनाच्या चार बाजूंवर उभे असलेले चार सपाट त्रिकोण आणि चार कोपऱ्यांतून उगवून गोल तोंडाकडे पसरत गेलेले शंकूचे चार भाग. त्रिकोण सपाटच असतात आणि शंकू उलगडतो. म्हणून सगळा तुकडा उलगडतो.

एक उदाहरण घेऊ. खाली ६०० मिलिमीटर बाजूचा चौकोन, वर ४०० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ, दोघांचे मध्य एकावर एक आणि मधली उंची ४०० मिलिमीटर. वर्तुळाचे बारा समान भाग करावयाचे, म्हणजे प्रत्येक कोपऱ्याच्या वाट्याला तीन भाग आणि चार बिंदू येतात. कोपऱ्यापासून या चार बिंदूंपर्यंत रेषा ओढल्या की शंकूच्या भागाचे तीन अरुंद त्रिकोण झाले. तीन बाजू ठाऊक असल्या की कोणताही त्रिकोण कंपासाने कागदावर उतरवता येतो. तेव्हा सारा प्रश्न या रेषांची खरी लांबी काढण्याचा आहे.

नकाशात वरून पाहिले तर या रेषा आखूड दिसतात, कारण त्या तिरप्या चढत आहेत. येथे शिडी आठवावी. भिंतीला टेकलेल्या शिडीचा पाय भिंतीपासून किती दूर आहे आणि डोके किती उंचीवर आहे हे कळले की शिडीची लांबी निघते. दोघांचे वर्ग करून मिळवावयाचे आणि वर्गमूळ काढावयाचे. आपल्या उदाहरणात कोपऱ्यापासून पहिला बिंदू नकाशात ३१६ मिलिमीटरवर आहे आणि उंची ४००. म्हणून खरी लांबी ५१०. दुसरा बिंदू नकाशात २३७ वर. खरी लांबी ४६५. तिसरा दुसऱ्यासारखा, चौथा पहिल्यासारखा. चारही कोपरे सारखेच, म्हणून एवढ्या दोन आकड्यांत काम भागते. तुकडा जोडण्याची शिवण एका बाजूच्या मध्यावर घेतात. तिची लांबी ४१२.

मग पत्र्यावर आखणी सुरू होते. ६०० ची पायारेषा मारावयाची. तिच्या दोन्ही टोकांवरून ५१० चे कंस मारले की ते जेथे छेदतील तो गोल तोंडावरचा पहिला बिंदू. तेथून वर्तुळाच्या एका भागाएवढे अंतर आणि कोपऱ्यापासून ४६५ घेतले की दुसरा बिंदू. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडीत जावयाचे, आणि शेवटी दोन्ही कडांना अर्धा अर्धा त्रिकोण येऊन शिवण मिळते. तेथे ३०० ची अर्धी बाजू आणि ४१२ ची शिवण यांत काटकोन असला पाहिजे. गवंडी पाया आखताना तीन-चार-पाचची दोरी लावून काटकोन तपासतो, त्याच नियमाने येथे ३००, ४१२ आणि ५१० यांचा मेळ बसतो. तो बसला नाही तर मधे कोठे तरी चूक आहे.

एक सूक्ष्म गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढे तिचे काम आहे. वर्तुळाच्या बारा भागांपैकी एकाची लांबी कंसावरून मोजली तर १०४.७ मिलिमीटर भरते. कंपासाची दोन टोके सरळ ठेवून मोजली तर १०३.५. फरक सव्वा मिलिमीटरच्या आतला, पण बारा वेळा घेतला की १४ मिलिमीटर. गोल तोंडाचा घेर तेवढा आखूड पडेल आणि ते समोरच्या नळावर बसणार नाही. वर्तुळाचे २४ भाग केले तर ही तूट साडेतीन मिलिमीटरच्या आसपास येते, ४८ केले तर एका मिलिमीटरच्या आत.

हे सर्व मला कोणी शिकवले? खरे सांगावयाचे तर कोणीही नाही. आमच्या कारखान्यात एक वयस्क मिस्त्री होते. अवघड तुकडा आला की तो त्यांच्याकडे जाई. आखणी करावयाची वेळ आली की ते आम्हा पोरांना चहा आणावयास किंवा हातोडे मोजावयास पाठवीत, आणि परत येऊन पाहावे तो रेषा मारून झालेल्या असत. एकदा मी धीर करून विचारले, "मिस्त्री, हा कंस इथूनच का मारला?" ते म्हणाले, "तू मोगरी धर. कंस मारायला मी आहे." तेव्हा मला राग आला होता. आज येत नाही. त्या आखणीवरच त्यांचा पगार आमच्या तिप्पट होता. वारसाहक्काने मिळालेली तेवढी एकच मिळकत त्यांच्यापाशी होती आणि ती वाटली तर आपल्याला कोण विचारील, ही भीती त्यांना होती. पुढे जुन्या पुस्तकांच्या दुकानात भूमितीय चित्रकलेचे एक पुस्तक मिळाले. त्यावर मी दोन पावसाळे रात्री पुठ्ठे कापीत बसलो आणि मिस्त्रींचे गुपित मला उलगडले.

हे गुपित राखण्याचा प्रकार आमच्या मिस्त्रींपासून सुरू झालेला नाही. ज्या शास्त्रावर ही आखणी उभी आहे, ते गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने अठराव्या शतकात रचले. मोंज १७४६ साली एका सामान्य व्यापाऱ्याच्या घरी जन्मला. मेझियेरच्या लष्करी इंजिनियरिंग शाळेत उमरावांच्या मुलांना प्रवेश असे. मोंजला मिळाली ती नकाशे आणि नमुने तयार करणाऱ्यांच्या खोलीत जागा. किल्ल्याच्या तटाची उंची शत्रूच्या तोफांपासून सुरक्षित कशी ठरवावी, याचे किचकट हिशेब त्याने रेषा आणि कंस यांनी इतक्या झटपट सोडवले की, वरिष्ठ अधिकारी प्रथम ते पाहावयासच तयार होईना. इतक्या लवकर उत्तर निघणे शक्य नाही, असे त्याचे म्हणणे. पटल्यावर मात्र ती रीत लष्करी गुपित ठरली आणि सुमारे तीन दशके बाहेर सांगण्याची मोंजला मनाई होती. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली आणि १७९५ साली त्याने पॅरिसमध्ये या विषयावर जाहीर व्याख्याने दिली. ती व्याख्याने १७९९ साली पुस्तकरूपाने निघाली, आणि सुतार, पाथरवट, पत्रेकारागीर यांच्या हाती हे शास्त्र पोचण्याचा मार्ग खुला झाला. व्याख्यानमालेने काय साधते, असे विचारणाऱ्यांना हे उदाहरण सांगण्याजोगे आहे.

आता संगणकाकडे येऊ. आज बहुतेक मोठ्या कारखान्यांत मिस्त्रींच्या आखणीची जागा सॉफ्टवेअरने घेतली आहे. पडद्यावर चौकटी असतात. त्यांत चौकोनाची लांबी-रुंदी, वर्तुळाचा व्यास, उंची, मध्य सरकलेला असेल तर किती सरकला, पत्र्याची जाडी, वर्तुळाचे किती भाग करावयाचे आणि शिवण कोठे घ्यावयाची, हे भरावयाचे. कळ दाबली की उलगडा समोर येतो. तोच आकार फाईलच्या रूपाने प्लाझ्मा किंवा लेसर कापणाऱ्या यंत्राकडे जातो. एका पत्र्यात अनेक तुकडे कमीत कमी वाया जातील असे कसे मांडावे, हेही संगणकच ठरवतो.

त्याने नवे असे काय केले? पुष्कळांना वाटते की संगणकापाशी काही निराळी विद्या आहे. तसे नाही. अशी बरीच सॉफ्टवेअरे पायथ्याशी तीच शिडी मांडतात आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडतात. फरक वेगाचा आणि बारकाईचा आहे. मध्य सरकलेला असेल तर चारही कोपरे निराळे होतात आणि बारा भागांनाच सोळा रेषांची लांबी काढावी लागते. मिस्त्रींचा अर्धा दिवस त्यात जाई. ४८ भाग केले तर बावन्न रेषा होतात. तेवढ्या काढण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे. संगणक त्या क्षणात काढतो आणि बेरजेत चुकत नाही. हे त्याचे श्रेय मोकळेपणाने दिले पाहिजे. आमच्या युनियनने प्रथम या यंत्राला सरसकट विरोध केला होता. त्या ठरावाच्या बाजूने मीही हात वर केला होता. तो विरोध चुकीच्या जागी होता, हे मला पुढे कळले.

संगणकाला जे कळत नाही ते असे : भरलेला आकडा खरा की खोटा. ४०० हा व्यास नळाच्या आतला, बाहेरचा की जाडीच्या मध्यावरचा, हे कोणी तरी सांगावे लागते. पत्रा वाकवला की त्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते आणि मधली सुमारे होती तेवढीच राहते. म्हणून गोल तोंडाचा उलगडा मधल्या व्यासावर काढावयाचा असतो. जस्ती पत्रा अर्धा-एक मिलिमीटर जाडीचा. तेथे जाडी विसरली तरी दोन-तीन मिलिमीटरचा फरक शिवणीत खपून जातो. प्लेट जाड झाली की खपत नाही.

आता ती हकीकत. २०११ साली आमच्याकडे धूळ ओढणाऱ्या यंत्रणेचे काम आले. तुकडे मी आता सांगितले त्याच मापांचे, पण सहा मिलिमीटर जाडीच्या प्लेटचे, दोन दोन अर्ध्या भागांत करून वेल्डिंगने जोडावयाचे. आराखड्यात ४०० हा बाहेरचा व्यास होता. म्हणजे मधला व्यास ३९४. आठ तुकड्यांची प्लेट रात्रपाळीत कापून झाली. एका तरुण कामगाराने यंत्राने मारलेल्या रेषांवर ती वाकवली. जोडून पाहिले तर तोंडे समोरच्या नळापेक्षा मोठी; सभोवार तीन मिलिमीटरची पायरी. माल नाकारला गेला, आणि वाकवण्यात हयगय केल्याबद्दल त्या मुलाला आरोपपत्र मिळाले. कारखान्याचे म्हणणे सरळ होते : आखणी संगणकाची आहे, ती चुकणार नाही, तेव्हा चूक हाताची.

तो मुलगा आरोपपत्र घेऊन युनियनच्या कचेरीत आला. म्हणाला, "भाऊ, मी तर रेषेवरच वाकवलं. रेषा कुठून आली ते मला काय ठाऊक?" चार वर्षे तो हेच काम करीत होता आणि ती रेषा तेथे का असते, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

मी शॉपमध्ये गेलो. सोळापैकी एक अर्धा भाग अजून वाकवावयाचा राहिला होता. तो जमिनीवर सपाट पडला होता. त्याच्या वक्र कडेवर मी सुताची दोरी बसवली आणि मोजली. ६२८ मिलिमीटर भरली. मधला व्यास ३९४ धरला तर अर्धा घेर ६१९ यावयास हवा. ४०० धरला तर ६२८. म्हणजे अर्ध्या भागात नऊ आणि पुऱ्या तोंडात एकोणीस मिलिमीटर प्लेट जास्त कापली गेली होती. ती प्लेट अद्याप कोणाच्या हातानेही वाकवलेली नव्हती. चूक वाकवण्यात नव्हती. जाडीच्या चौकटीत शून्य राहिला होता. त्याआधी महिनाभर जस्ती पत्र्याचे काम चालू होते आणि त्यात तो शून्य कोणाला बोचला नव्हता. चौकशीच्या वेळी मी पुठ्ठ्याचा तुकडा, दोरी आणि ती न वाकवलेली प्लेट एवढेच पुढे ठेवले. आरोपपत्र मागे घेतले गेले. आकडा भरणारा मुलगा डिप्लोमा झालेला आणि कंत्राटावरचा होता. त्याला शिक्षा करा, असे आम्ही म्हटले नाही. तोही कामगारच, आणि वाकवलेली प्लेट कशी वागते हे त्यालाही कोणी दाखवलेले नव्हते.

त्या रात्री मला झोप आली नाही. तो मुलगा वाचला हे खरे, पण कशामुळे? मी पूर्वी दोन पावसाळे पुठ्ठे कापले होते, या योगायोगामुळे. न्याय योगायोगावर सोडावयाचा नसतो. अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर यांनी १९११ सालीच आपल्या पुस्तकात मांडले होते की, कामगारांच्या अंगी पिढ्यान् पिढ्या साचलेले ज्ञान व्यवस्थापनाने गोळा करावे आणि त्यातून नियम बांधून कामगारांना द्यावेत. संगणकाने हे काम पुरे केले. आपल्याकडील १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, यंत्र वा पद्धत सुधारल्याने कामगारकपात होणार असेल तर आधी नोटीस द्यावी, असे बंधन मालकावर होते. ते कपातीपुरते होते. कामगार कामावर राहिला आणि त्याच्या कामातले ज्ञान तेवढे निघून गेले, तर त्याची नोटीस कोणी मागितली नाही. आम्हीही मागितली नाही, हा माझा युनियनवरचा, म्हणजे स्वत:वरचा, आरोप आहे.

पुढच्या मागणीपत्रात आम्ही दोन कलमे घातली. प्रत्येक उलगड्याबरोबर संगणकात भरलेल्या मापांचा छापील कागद शॉपमध्ये यावा, आणि आठवड्यातून एक तास कामाच्या वेळेत या भूमितीचे शिक्षण मिळावे. पहिले कलम मान्य झाले, दुसरे झाले नाही. म्हणून रविवारी सकाळी युनियनच्या कचेरीत आम्हीच वर्ग सुरू केला. तेथे मी तीन तपासण्या शिकवतो. पहिली : मधला व्यास गुणिले ३.१४ एवढी गोल कडेची लांबी सपाट प्लेटवर भरते की नाही, हे दोरीने पाहावे. दुसरी : शिवणीपाशी काटकोन आहे की नाही, हे पाहावे. तिसरी : कोणत्याही एका रेषेची शिडी स्वत: मांडून खरी लांबी ताडून पाहावी. तिन्हींना मिळून दहा मिनिटे लागतात, आणि तीही वाकवण्याआधी. पहिल्या महिन्यात त्या वर्गाला पाच जण आले. त्यांत तो आरोपपत्राचा मुलगा होता आणि आकडे भरणाराही होता. दुसऱ्याने पहिल्याला पडद्यावरच्या चौकटी समजावून दिल्या आणि पहिल्याने दुसऱ्याला प्लेट वाकवून दाखवली. मिस्त्री तोवर निवृत्त झाले होते. मी त्यांना बोलावले. ते आले, मागच्या बाकावर बसले आणि तासाच्या शेवटी फळ्यापाशी येऊन, मध्य सरकलेला असला तर शिवण कोठे घ्यावी म्हणजे जोड सोपा जातो, हे त्यांनी सर्वांदेखत आखून दाखवले.

आपल्यापैकी कोणाचा मुलगा आय. टी. आय. मध्ये पत्र्याचे काम शिकत असेल, तर त्याला सॉफ्टवेअर अवश्य शिकू द्यावे. पण एकदा घरी पुठ्ठा, कंपास आणि कात्री देऊन म्हणावे की, ६०० च्या चौकोनाचा ४०० चा गोल करून दाखव. पुठ्ठा लहान असेल तर मापे चौथाईने घ्यावीत. पहिला बहुधा बसणार नाही. तो का बसला नाही, हे त्याने स्वत: शोधून काढावे.